सुट्टी, सहल आणि गर्दी



पुण्यात वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांच्या वेळेपासूनची, म्हणजे १८७५ सालापासूनची आहे. राज्यकारभार, अर्थकारण, धर्म, समाजसुधारणा असले भारदस्त विषय ऐकत येथील श्रोता घडला. अशा श्रोत्यांपुढे, मुलाबाळांना घेऊन थीम पार्कला कधी जावे आणि कसे जावे, यावर तासभर बोलावयाचे म्हणजे काही जणांना पोरखेळ वाटेल. वाटो बापडे. आमचा अनुभव असा आहे की, मे महिन्याच्या तोंडावर कोथरुडातील घराघरांत अर्थसंकल्पापेक्षा याच प्रश्नावर अधिक खल होतो. आजी, आजोबा, आई, वडील आणि दोन मुले अशा सहा माणसांच्या कुटुंबाने खोपोलीच्या इमॅजिकाला एक दिवस जाऊन यायचे ठरवले, तर तिकिटे, पेट्रोल, टोल आणि आतले खाणेपिणे मिळून साध्या संसारातला महिन्याचा किराणा सहज होईल एवढा खर्च येतो. एवढे करून रात्री घरी आल्यावर मुलाला विचारावे, “काय काय पाहिलेस रे?” आणि त्याने सांगावे, “रांग पाहिली.” यात हसण्यासारखे काही नाही. वर्षातून एकदा सगळे घर एकत्र बाहेर पडते आणि तो दिवस दुसऱ्याच्या पाठीकडे पाहण्यात जातो, हे नुकसान पैशापेक्षा मोठे आहे. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

या उद्यानांचा जन्मच मुळी गर्दीत झाला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. वार रविवार. तो दिवस फक्त निमंत्रितांसाठी राखलेला होता; पण बनावट पत्रिका घेऊन हवे तितके लोक आत शिरले आणि सुमारे २८,००० माणसे जमली. ऊन असे होते की, नुकत्याच टाकलेल्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. नळकामगारांचा संप होऊन गेलेला असल्यामुळे पिण्याच्या पाण्याचीही ओरड झाली. जगातील सर्वांत नावाजलेल्या मनोरंजननगरीचा पहिला दिवस तहानेत आणि धक्काबुक्कीत गेला, ही गोष्ट आपल्याकडच्या सहलवाल्यांनी दिलासा म्हणून लक्षात ठेवावी.

गंमत अशी की, त्यानंतर नऊ महिने पुरे व्हायच्या आत, ८ एप्रिल १९५६ रोजी, आपल्या पेशवे पार्कात फुलराणी धावू लागली. एक छोटेसे इंजिन, मागे चिमुकले डबे. त्यात थीमही नव्हती आणि पार्कही बेताचाच. पण मे महिन्यातील तिच्या रांगेत लहानपणी उभे राहिलेले कितीतरी श्रोते येथे समोर बसलेले असतील. पुढे १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड आले आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झाले. फुलराणीच्या रांगेतला मुलगा आता आपल्या नातवाला घेऊन तेथे जातो.

आणि गर्दीसाठी थीम पार्कच लागतो असेही नाही. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय एवढी मेट्रो सुरू झाली, तेव्हाचे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणाला गरवारेला काही काम नव्हते. सगळे कोथरूड मुलाबाळांसह, नव्या कपड्यांत, वनाजला चढत होते आणि गरवारेला उतरून पुन्हा वनाजला येत होते. पाच किलोमीटरचा प्रवास, पण त्याचे कौतुक जत्रेतल्या पाळण्याइतके. नव्या गोष्टीची हौस आणि सर्वांना एकाच वेळी मिळालेला रिकामा रविवार, या दोहोंचा मेळ बसला की गर्दी होते. पैकी हौस कमी करावी असे आम्ही मुळीच सांगणार नाही. हौस हा माणसाचा चांगला गुण आहे. आम्हांला बोलावयाचे आहे ते रविवाराबद्दल.

आपल्या सुट्ट्या कशा आहेत पाहा. शाळा एकाच आठवड्यात बंद होतात आणि एकाच आठवड्यात उघडतात. सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांना शनिवार-रविवार मोकळा होताच. म्हणजे आई, वडील आणि मुले या तिघांनाही एकाच दिवशी मोकळीक हवी असेल, तर वर्षाच्या ३६५ दिवसांतले मोजके दिवस उरतात, आणि ते सर्व घरांना तेच असतात. ‘लोक किती गर्दी करतात!’ असे रांगेत उभा असलेला प्रत्येक जण म्हणतो, त्या वेळी त्याच्यामागे उभा असलेला त्याच्याकडे पाहून तेच म्हणत असतो. घर एकत्र असावे म्हणून जी किंमत आपण देतो, तिचे नाव गर्दी. किंमत द्यावीच लागते. ती किती द्यावी, एवढेच आपल्या हाती असते.

ती किती असते याचा थोडा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतो. समजा, एका उद्यानात वीस राइड आहेत आणि प्रत्येक राइड तासाला सरासरी ५०० माणसे घेते. म्हणजे तासाला १०,००० जागा. उद्यान आठ तास चालले तर दिवसाला ८०,००० जागा झाल्या. त्या दिवशी ४,००० माणसे आली तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस फेऱ्या येतात. १६,००० आली तर पाच. तिकीट तेच, ऊन तेच, घाट तोच. पण एका दिवशी वीस आणि दुसऱ्या दिवशी पाच. यात कोणी कितीही चलाखी केली तरी एकाने मिळवलेली सहावी फेरी दुसऱ्याच्या पाचव्या फेरीतून येते. म्हणून आम्ही म्हणतो की, उद्यानात शिरल्यावर करावयाच्या युक्त्यांपेक्षा घरी पंचांगासमोर बसून घेतलेला निर्णय अधिक मोलाचा.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते. एका वेळी किती लोक फोन करतील आणि किती जण खोळंबतील, याचे गणित त्यांनी मांडले आणि १९०९ साली ते प्रसिद्ध केले. रांगांच्या शास्त्राचा उगम तो. त्या शास्त्राचा साधा निष्कर्ष असा की, गर्दी वाढते त्या प्रमाणात रांग वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढते. तिकिटाची एकच खिडकी घ्या. माणसे अनियमितपणे येत आहेत. खिडकीवाल्याच्या क्षमतेच्या निम्मेच लोक येत असतील, तर खिडकीपाशी सरासरीने एकच माणूस असतो. क्षमतेच्या ८० टक्के लोक येऊ लागले की चार होतात. ९० टक्क्यांना नऊ. ९५ टक्क्यांना एकोणीस. नव्वदावरून पंच्याण्णवावर जाताना लोक किंचितच वाढले, पण रांग दुपटीहून मोठी झाली. टोलनाक्यावर, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात हेच चालते. याचा उलटा अर्थ आपल्या उपयोगाचा आहे. गर्दीचा दिवस टाळण्यासाठी अगदी ओसाड दिवस शोधत बसण्याचे कारण नाही. शिखरापासून थोडेसे बाजूला सरकले तरी खोळंबा निम्म्यावर येतो.

पुणेकराला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. गणपतीतले देखावे कधी पाहावेत हे त्याला ठाऊक असते. गौरी गेल्या की गर्दी उसळते, म्हणून लहान मुले असलेली माणसे आधीच्या दिवसांत जाऊन येतात. हीच बुद्धी सहलीला लावावयाची. फक्त पंचांग थोडे रुंद डोळ्यांनी वाचावे लागते, कारण लाल अक्षरातल्या तारखा सगळेच पाहतात. २०२६ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही दिवस शुक्रवारी पडतात आणि २६ जानेवारी सोमवारी. जोडून येणाऱ्या या तीन-तीन दिवसांना लोक सोन्याचे दिवस समजतात. घरात बसून आमरस खाण्यासाठी ते सोन्याचे आहेत खरे. घाट उतरून खोपोलीला जाण्यासाठी मात्र वर्षात त्यांच्याइतके वाईट दिवस नसतील.

लाल अक्षरांपलीकडच्या काही तारखा आहेत. इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो, आणि महडचा वरदविनायकही खोपोलीपासून जवळच. म्हणजे अष्टविनायकांतले दोन गणपती त्याच वाटेवर. आता एखाद्याने विचार केला, शनिवार-रविवार नको, रजा टाकून मंगळवारी जाऊ; आणि तो मंगळवार नेमका अंगारकीचा निघाला, तर त्याची रजाही गेली आणि मंगळवारही गेला. संकष्टी, अंगारकी आणि माघी गणेशजयंती या तिथ्या पाहिल्याशिवाय त्या रस्त्याला लागू नये. दिवाळीचेही तसेच. आपल्याकडे भाऊबीज झाली की लोक हळूहळू कामाला लागतात. पण गुजरातेतील व्यापारी कुटुंबे पाडव्यानंतर लाभपंचमीपर्यंत दुकान बंद ठेवून बाहेर पडतात, आणि महाबळेश्वर, लोणावळा, खंडाळा त्यांनी भरून जाते. दिवाळी संपली या समजुतीने निघालेला कोथरूडकर दुसऱ्या प्रांताच्या दिवाळीत जाऊन सापडतो. डिसेंबर-जानेवारीतला आठवड्यातला मधला दिवस मोकळा असेल हीही एक भोळी समजूत. ते शाळांच्या सहलींचे दिवस. एकामागून एक बसगाड्या उतरतात आणि एकाच रंगाच्या टोप्या घातलेली मुले एकाच राइडकडे धावतात.

मग जावे तरी केव्हा? मराठी शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्यानंतरचे आठ-दहा दिवस, पाऊस धरायच्या आत, चांगले असतात. पुस्तके नवी असतात, अभ्यास सुरू झालेला नसतो, एक दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस आले की ज्यांच्या घरी परीक्षेचा विद्यार्थी आहे ती घरे हलत नाहीत. धाकट्या मुलांच्या पालकांना तेव्हा वाट मोकळी असते. मात्र आम्हांला सर्वांत आवडतो तो पितृपक्ष. गणपती नुकतेच गेलेले असतात, नवरात्र यायचे असते, पाऊस उताराला लागलेला असतो आणि शाळा चालू असतात. काही वडीलधाऱ्या मंडळींना हे रुचणार नाही. पितृपक्षात शुभकार्य करीत नाहीत हे आम्हांसही मान्य आहे. परंतु रोलर कोस्टरमध्ये बसून किंचाळणे हे शुभकार्यांत मोडते असा उल्लेख निदान आमच्या पाहण्यात नाही.

आता रस्ता. कोथरूडच्या माणसाला पूर्वी पहिला अडथळा घरापासून दहा मिनिटांवरच भेटे, तो म्हणजे चांदणी चौक. तेथील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नवी रचना खुली झाली, तेव्हापासून तो प्रश्न बराचसा सुटला आहे. पुढचा अडथळा घाटाचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. पण बाटली कितीही मोठी असली तरी पाणी गळ्यातूनच येते, तसा हा गळा खंडाळा ते खोपोली. या ठिकाणी पुणेकरांचे एक भाग्य आहे, ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शनिवारी सकाळी मुंबई घाट चढून लोणावळ्याला येते आणि रविवारी संध्याकाळी घाट उतरून परत जाते. खोपोलीला जाणारा कोथरूडकर सकाळी उतरतो आणि संध्याकाळी चढतो, म्हणजे दोन्ही वेळा लोंढ्याच्या उलट्या दिशेने. घाटात समोरच्या बाजूला थबकलेल्या गाड्यांची रांग पाहत आपण पुढे जातो. हे भाग्य साध्या शनिवार-रविवारपुरते असते. जोडून आलेल्या सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी मुंबईहून आणि कोकणातून परतणारे पुणे त्याच घाटात चढत असते, तेव्हा ते संपते.

पालीकडून विळे, ताम्हिणी, मुळशी, पौड असा एक रस्ता थेट आपल्या पौड रस्त्यावर येऊन मिळतो, आणि घाटात खोळंबलेल्या माणसाला त्याचा मोह होतो. हिवाळ्यात, दिवसाउजेडी जरूर यावे. रस्ता देखणा आहे. पावसाळ्यात रात्री मात्र येऊ नये. दरडी पडतात, धुके उतरते, आणि पावसाळी रविवारी ताम्हिणी हे स्वतःच एक सहलीचे ठिकाण झालेले असते.

उद्यानात गेल्यावर काय करावे याविषयी फार सांगत नाही. दार उघडण्यापूर्वी पोहोचावे. आत शिरलेला माणूस पहिली दिसलेली रांग धरतो; आपण आधी मोठ्या आणि दूरच्या राइडकडे जावे. जेवण साडेअकराला उरकावे, म्हणजे सगळे जेवायला बसतात तेव्हा राइड रिकाम्या सापडतात. मुलांची उंची घरीच भिंतीला लावून मोजून घ्यावी, कारण मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि तासभर रांगेत उभे राहिल्यावर पट्टीपाशी परत फिरावे लागलेल्या मुलाची समजूत घालणे कोणाच्या बापाला जमत नाही. विजा चमकू लागल्या तर उंच राइड थांबवतात. तेवढ्यासाठी कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये.

आजी-आजोबांविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. प्रत्येक थीम पार्कात बाकांवर एक वर्ग बसलेला दिसतो. मांडीवर चार पिशव्या, हातात पाण्याची बाटली, कोणाच्या तरी चपला पायापाशी. यांनीही पूर्ण दिवसाचे तिकीट काढलेले असते, आणि सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत ते सामान राखतात. घरच्यांचे त्यांच्यावर प्रेम नाही असे नव्हे. दोन तासांची रांग गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून त्यांनीच “तुम्ही जाऊन या” म्हटलेले असते. गर्दीच्या दिवशी घर एकत्र बाहेर पडते आणि दाराच्या आत गेल्याबरोबर फुटते. ज्यासाठी रविवारची किंमत मोजली तेच हातून जाते. दिवस मोकळा असेल तर त्याच आजी ‘आय फॉर इंडिया’च्या पडद्यासमोर बसून हिमालय पाहतात, अलीबाबाच्या गाडीत नातवाशेजारी बसतात. आजी किती राइडमध्ये बसल्या, या एका प्रश्नावरून दिवस चांगला निवडला की वाईट, हे आम्ही ओळखतो.

आणि ज्यांना गर्दीच्या दिवशीच जाणे भाग आहे त्यांनी पंढरीच्या वारकऱ्याकडून धडा घ्यावा. आषाढीला पदस्पर्शदर्शनाच्या बारीत तासन् तास लागतात. ज्याला ते शक्य नाही तो मुखदर्शन घेतो. तेही जमले नाही तर कळसाचे दर्शन घेऊन, हात जोडून, समाधानाने परततो. वारी फुकट गेली असे तो म्हणत नाही, कारण वारी चालण्यात होती. चार राइड ठरवाव्यात, त्या कराव्यात आणि उरलेला वेळ सावलीत बसून शेंगा खाव्यात. वीसच्या वीस वसूल करण्याच्या हट्टापायी पुष्कळ संसारांत त्या दिवशी भांडणे झालेली असतात.

रांग चुकविण्याचा आणखी एक मार्ग आता विकत मिळतो. जास्तीचे पैसे भरले की वेगळ्या दाराने आत. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ साली वेळ राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली तेव्हा ती सर्वांना फुकट होती. २०२१ साली ती गेली आणि तिची जागा पैशाच्या पद्धतीने घेतली. आपल्याकडेही जलद प्रवेशाची महागडी तिकिटे आहेत. ती घेणाऱ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने जरूर घ्यावीत. परंतु मघाचा हिशेब आठवा. जागा ८०,००० च्या ८०,००० च राहतात. एका दाराने लवकर गेलेल्या माणसाचा वेळ दुसऱ्या दारापाशी उभ्या असलेल्याच्या वेळेतून कापला जातो, आणि त्याला त्याची भरपाई कोणी देत नाही. देवळांतील खास दर्शनाबद्दल आपण जी कुरकुर करतो तीच येथेही करावयास हवी.

ज्यांना हे तिकीटच परवडत नाही त्यांची सुट्टी कोठे जाते, याचाही विचार केला पाहिजे. ती धबधब्यावर जाते, धरणावर जाते, नदीवर जाते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल त्यावर जमलेल्या माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण दगावले. दोन्ही दिवस रविवार. थीम पार्काला कितीही नावे ठेवली तरी त्याला कुंपण आहे, दार आहे, दारावर माणसे मोजली जातात आणि भरले की दार लावता येते. धबधब्याला दार नाही. पुलावर शंभरावा माणूस चढतो तेव्हा आपण शंभरावे आहोत हे त्याला कळत नाही. पावसाळी रविवारी अशा ठिकाणी गेल्यावर गर्दी दिसली तर परत फिरावे, मुलांनी कितीही रड मांडली तरी फिरावे. थीम पार्कातल्या गर्दीत दिवस जातो, येथे माणूस जातो.

एवढे सगळे सांगून झाल्यावर कोणी विचारील की, पितृपक्षातला बुधवार निवडायला आम्हांला रजा कोण देतो? प्रश्न रास्त आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत काम करणाऱ्या माणसाला पिढ्यान् पिढ्या सोमवारची सुट्टी. भोसरी-पिंपरीच्या कित्येक कारखान्यांना गुरुवारची. दोघांनाही थीम पार्क रिकामा मिळेल असा वार हाती आहे. पण त्या दिवशी त्यांची मुले शाळेत असतात. मुले मोकळी होतात तेव्हा बाप यंत्रापुढे किंवा गिऱ्हाइकापुढे उभा असतो. कारखान्यांचे आठवड्याचे वार असे वेगवेगळे वाटले गेले ते विजेच्या सोयीसाठी: सगळ्यांनी एकाच दिवशी यंत्रे चालवली तर भार पेलत नाही, म्हणून भार वाटून दिला. विजेसाठी जे सुचले ते माणसांसाठी सुचावयास हरकत नव्हती. जर्मनीत १९६४ च्या हँबुर्ग करारापासून निरनिराळ्या राज्यांच्या शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या मागेपुढे ठेवतात, म्हणजे सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येत नाही. फ्रान्सने शाळांचे तीन विभाग पाडून हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्ट्या त्यांत फिरत्या ठेवल्या आहेत.

मुंबईच्या, पुण्याच्या आणि नाशिकच्या दिवाळीच्या सुट्ट्या मागेपुढे कराव्यात असे आम्ही म्हणणार नाही. दिवाळी पंचांगाने यायची ती येणारच. मे महिन्याच्या सुट्टीचे मात्र तसे नाही. ती एका विभागात आठवडाभर आधी आणि दुसऱ्यात आठवडाभर उशिरा सुरू करता येईल, आणि तेवढ्याने एस.टी.च्या थांब्यापासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत भार हलका होईल. शासनाचे दार ठोठावून ते होईल तेव्हा होईल. तोवर कोथरुडातल्या शाळांना एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. मुख्याध्यापकांच्या अधिकारात वर्षाला एखाददुसरी सुट्टी असते. ती बहुधा एखाद्या सणाच्या मागेपुढे जोडली जाते आणि गर्दीत भर घालते. जूनमधल्या पालकसभेत आपण असे सुचवावे की, यंदा ती एखाद्या साध्या आठवड्यातल्या वाराला द्या. एका शाळेने सोमवार घ्यावा, दुसरीने गुरुवार. कोणत्या शाळेत दुकानांतून काम करणाऱ्यांची मुले अधिक आहेत आणि कोणत्या शाळेत कारखान्यांतल्यांची, हे त्या शाळांच्या दाखल्यांच्या वहीतच लिहिलेले आहे.